अमेरिकेतल्या तुरुंगात पत्रमित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऊ वर्षांपूर्वी न्यू जर्सीत, एडिसनला राहत असताना मी टेक्सासच्या तुरुंगातल्या एका माणसाला पहिलं पत्र लिहिलं. आता पुण्यातून लिहिते आणि सध्या पत्रमित्र तीन आहेत. हे ओळखीच्यांना कळलं, मग त्यांच्या ओळखीच्यांना, आणि प्रश्न येऊ लागले. तेच तेच. म्हणून ते एका जागी मांडले आहेत, साधे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेतल्याच कैद्यांना का? आपल्याकडे काय तुरुंग नाहीत?

हा प्रश्न बहुतेकदा जरा चिडूनच येतो. खरं कारण एवढंच, की तिथे अनोळखी माणसाने कैद्याला पत्र लिहिण्याची वाट मळलेली आहे. सुमारे १९ ते २० लाख माणसं तिथे गजांआड आहेत. बहुतेक राज्यांच्या तुरुंग खात्याच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कैदी क्रमांक, तुरुंगाचं नाव आणि शिक्षा समोर येते. पत्र टाकायला कोणाची आगाऊ परवानगी सहसा लागत नाही. महाराष्ट्राचं चित्र वेगळं आहे, ते प्रश्न २२ मध्ये.

२. जेल आणि प्रिझन एकच ना?

आपण दोन्हींना तुरुंग म्हणतो, तिथे फरक करतात. जेल काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, किंवा शहराचं असतं. खटला चालू असलेले आणि साधारण वर्षाच्या आतली शिक्षा झालेले तिथे असतात. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, लांब शिक्षेचं. पत्रमैत्री प्रिझनमधल्या माणसाशी करावी. जेलमधला माणूस तुमचं पाकीट पोचेपर्यंत जामिनावर बाहेर पडलेला असू शकतो. शिवाय काही काउंटी जेलांत फक्त पोस्टकार्ड चालतं.

३. लिहायचं कोणाला, हे ठरवायचं कसं?

एक वाट संस्थांची. 'लाइफलाइन्स' ही ब्रिटनमधली संस्था १९८८ साली जॅन एरियन्स यांनी सुरू केली. मिसिसिपीत १९८७ मध्ये मृत्युदंड दिलेल्या एका तरुणावर बीबीसीने माहितीपट केला होता, तो पाहून तिथल्या कैद्यांना लिहायला लागलेल्या लोकांतून ती उभी राहिली. 'ह्युमन राइट्स' हीसुद्धा ब्रिटनमधली आणि मृत्युदंडाच्या कैद्यांसाठीचीच. नावातलं 'राइट्स' हक्कांचं नाही, लिहिण्याचं आहे. देवनागरीत ही कोटी पार वाहून जाते. बोस्टनमध्ये २००५ साली सुरू झालेली 'ब्लॅक अँड पिंक' समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर कैद्यांसाठी पत्रमित्र जोडून देते. संस्थेमार्फत गेलात तर नियम आधी समजतात आणि अडलं तर विचारायला कोणी असतं. नवख्या माणसाला मी हीच वाट सांगते.

दुसरी वाट जाहिरातींची. 'राइट अ प्रिझनर'सारख्या संकेतस्थळांवर कैद्यांची माहिती, फोटो आणि चार ओळी असतात. फोटो कित्येकदा दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो, त्याच्यावर जाऊ नका. लिहिलेलं वाचा. माझा दुसरा पत्रमित्र मी निवडला, कारण त्याने लिहिलं होतं की त्याला कोंबड्यांबद्दल बोलायला आवडतं आणि तिथे कोणालाच त्यात रस नाही. माझं आजोळ सिन्नरजवळचं, परसात कोंबड्या होत्या. विषय मिळाला.

४. त्याने काय गुन्हा केलाय हे आधी बघावं, की न बघता लिहावं?

बघावं. "मी माणसाला लिहिते, गुन्ह्याला नाही" असं म्हणणारे लोक मला भेटतात. म्हणायला छान आहे. पण सहा महिन्यांनी कुठून तरी कळतं की लहान मुलाचा मामला होता, आणि मग हात आखडतो. तो आखडणं स्वाभाविक आहे, फक्त ते पहिल्या पत्राआधी व्हावं. राज्याच्या नोंदीत गुन्ह्याचं कलम आणि शिक्षा दिसते, जुन्या बातम्याही सापडतात. तुम्हाला काय झेपणार नाही ते मनाशी ठरवा आणि त्या नावाला लिहूच नका. त्याचं काही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

एकदा लिहायला लागलात की पत्रात मात्र गुन्ह्याबद्दल विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. माझ्या एका मित्राने चार वर्षांनी सांगितलं, दुसऱ्याने अजून नाही.

५. पाकिटावर पत्ता कसा लिहायचा?

कागदपत्रांत आहे तसं पूर्ण नाव, कैदी क्रमांक, तुरुंगाचं नाव, मग पत्ता. टोपणनाव नको. क्रमांकाशिवाय पत्र पोचत नाही, कारण एकाच नावाचे आठ-दहा जण सहज असतात. केंद्राच्या तुरुंगांत हा क्रमांक आठ आकडी असतो, पाच आकडे, मधे रेघ, मग तीन. राज्यांचे आपापले प्रकार आहेत. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता डाव्या कोपऱ्यात हवाच. निनावी पत्र बहुतेक ठिकाणी आत जातच नाही.

पत्ता दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. कैद्यांच्या बदल्या होतात आणि कळवायची सवड त्यांना मिळतेच असं नाही. काही राज्यांत साधं पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवायचंच नसतं. त्याबद्दल प्रश्न ८.

६. माझ्या घरचा पत्ता त्याला कळणार? भीती वाटते.

वाटायलाच हवी. अमेरिकेत असाल तर टपाल खात्याची पोस्ट बॉक्स भाड्याने मिळते, ती घ्या. भारतातही मोठ्या टपाल कार्यालयांत पोस्ट बॉक्सची सोय आहे, फक्त काउंटरवरच्या माणसाला दोनदा विचारावं लागतं, कारण हल्ली ती कोणी मागत नाही. काही संस्था स्वतःचा पत्ता वापरू देतात. ऑफिसचा पत्ता देऊ नका, आणि मैत्रिणीचा तर तिला न विचारता मुळीच नाही.

पत्त्याइतकीच काळजी मजकुरातल्या खुणांची घ्यावी. मुलांच्या शाळेचं नाव, सोसायटीची पाटी दिसणारा फोटो, आडनावासकट सगळं कुटुंब, हे काही पहिल्या वर्षात लागत नाही.

७. पाकिटात काय घालू नये?

कागद आणि शाई सोडून काहीही घालायच्या आधी त्या तुरुंगाचा टपालाचा नियम वाचा. सर्वसाधारणपणे चालत नाही ते असं: रोख पैसे, टपाल तिकिटं, कोरे कागद-पाकिटं, स्टेपलची पिन, चिकटपट्टी, स्टिकर, चकाकी, अत्तर, लिपस्टिकचा ठसा, वाळवलेली फुलं, पोलरॉइड फोटो, गाणारी शुभेच्छापत्रं. कागद अमली द्रवात बुडवून, वाळवून आत पाठवण्याचे प्रकार झाल्यापासून मेलरूमवाले, म्हणजे तुरुंगात टपाल तपासणारे, प्रत्येक डागाकडे संशयाने बघतात. चहाचा डाग पडला तर पत्र पुन्हा लिहून काढा.

आता आपल्याकडची यादी, जी कुठल्याच नियमावलीत सापडणार नाही. अंगारा नको. हळदकुंकवाचं बोट नको, ती अनोळखी भुकटी ठरते. अक्षता नकोत. राखी नको, धागा आहे. तिळगूळ पाठवू का असं मला खरंच एका काकूंनी विचारलं होतं. नाही काकू.

आणि स्वस्तिक. दिवाळीच्या कार्डावर, लग्नपत्रिकेवर, श्रीगणेशाच्या चित्राखाली ते असतंच आणि आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. अमेरिकन तुरुंगात त्याचा एकच अर्थ लागतो: गोऱ्या वर्णद्वेषी टोळीची खूण. माझं दिवाळीचं कार्ड यामुळे परत आलं, ते सोडा. ज्याच्या नावाने आलं होतं त्याला दोन आठवडे विचारपूस झाली, तुझा कुठल्या टोळीशी संबंध म्हणून. तो काळा माणूस आहे. त्याने पुढच्या पत्रात यावर पानभर विनोद केले, पण मी तेव्हापासून प्रत्येक चित्र उलटसुलट करून बघते.

फोटो चालतात, चार बाय सहा इंचांचे, संख्येची मर्यादा पाळून. बोटांनी केलेल्या खुणा, अगदी विजयाच्या 'व्ही'सुद्धा, फोटोत नकोत.

८. मी हाताने लिहिलेला कागद त्याला मिळतच नाही म्हणे?

बऱ्याच राज्यांत आता मिळत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये सुरुवात केली. तिथल्या कैद्यांची साधी पत्रं फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला एका खासगी कंपनीकडे जाऊ लागली, तिथे स्कॅन होतात, कैद्याच्या हाती प्रत पडते आणि मूळ कागद पुढे नष्ट होतो. टेक्सासने २०२३ पासून साधं टपाल डॅलसच्या स्कॅनिंग केंद्रात घ्यायला सुरुवात केली, तिथून ते कैद्याच्या टॅब्लेटवर दिसतं. कारण वर आलंच आहे, बुडवलेला कागद.

व्यवहारात याचे तीन परिणाम. पत्ता त्या स्कॅनिंग केंद्राचा लिहायचा. शाई गडद, अक्षर मोठं आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, कारण मागची बाजू स्कॅनमधून सुटू शकते. आणि आठवण म्हणून पाठवलेलं काही, नातीने रंगवलेलं वारली चित्र वगैरे, छायाप्रत म्हणूनच पोचेल हे धरून चालायचं. मला याचा राग येतो. कागदाला हाताचा स्पर्श असतो हे पत्र लिहिणाऱ्यांना सांगायला नको.

९. पहिल्या पत्रात लिहायचं तरी काय?

एक पान. जास्तीत जास्त दीड. तुम्ही कोण, साधारण कुठे राहता, त्याचं नाव कुठे वाचलंत, आणि त्याच्या लिहिण्यातलं काय आवडलं म्हणून पत्र लिहिताय. मग तुमच्या दिवसातली एखादी गोष्ट नीट, तपशिलात. शेवटी एकदोन प्रश्न, ज्यांची उत्तरं लांब देता येतील असे. "कसे आहात?" यावर तुरुंगातला माणूस काय लिहिणार?

लोकांना वाटतं की आपल्या सुखाचं वर्णन त्याला टोचेल. म्हणून ते पाऊस, प्रवास, जेवण सगळं गाळतात आणि उरतं ते धीर देणारं भाषण. भाषणं त्याने चॅपलनकडून, म्हणजे तुरुंगातल्या धर्मगुरूकडून, भरपूर ऐकलेली असतात. माझ्या पहिल्या पत्रात मी असाच उपदेश केला होता, उत्तर आलं त्यात त्यावर एक अक्षर नव्हतं. मी सहज ओळीत लिहून गेले होते की खिडकीतून समोरच्या घरावर कौलं बदलणारे लोक दिसतात. त्याचे सगळे प्रश्न कौलांवर. किती माणसं, शिडी कशी लावतात, जेवायला वरच बसतात का. तो तुरुंगात जायच्या आधी छपरांची कामं करायचा.

कशाचंही आश्वासन देऊ नका. "मी नेहमी तुझ्यासोबत असेन" हे तर अजिबात नाही. तुम्ही तिसऱ्या पत्रानंतर कंटाळू शकता. देता येण्यासारखं वचन एकच, "महिन्यातून एकदा लिहीन", आणि तेही प्रश्न ११ वाचून.

१०. मराठीत लिहिलं तर?

वाचता येत नाही असं पत्र मेलरूममध्ये अडकून पडतं. इंग्रजीतच लिहा, साध्या. व्याकरणाची लाज नको, समोरच्याचंही यथातथाच असू शकतं. एखादा मराठी शब्द अर्थासकट द्यायला हरकत नाही. माझ्या मित्राला 'भाकरी' आणि 'कंटाळा' येतात, दुसरा शब्द तो वारंवार वापरतो.

११. किती वेळा लिहावं?

जितकं वर्षभर न चुकता जमेल तितकंच. महिन्याला एक पत्र पुरे. सुरुवातीच्या उत्साहात आठवड्याला एक लिहिणारे बहुतेक चौथ्या महिन्यात गायब होतात, आणि आतल्या माणसाकडून हिशेब करून बघा: टपाल वाटायला येणारा गार्ड रोज त्याच वेळी येतो, त्याच्या कोठडीपाशी थांबतो किंवा थांबत नाही. तीन महिने थांबायचा आणि मग बंद झाला, तर ते आधीपेक्षा वाईट. माझ्या मित्राच्या आधीच्या दोन पत्रमित्रांनी असंच केलं होतं. मी लिहायला लागले तेव्हा पहिलं वर्षभर त्याची उत्तरं पाऊण पानाची होती, बेताची, मोजकी. दुसऱ्या वर्षी मोकळा झाला.

गावाला जाणार असाल, आजारी असाल, घरात लग्न असेल तर आधी दोन ओळी टाका. तेवढ्याने भागतं. वर्षभराची खात्री नसेल तर सुरूच करू नका, असं मी स्पष्ट सांगते आणि काही लोक दुखावतात.

१२. आमची पत्रं कोण वाचतं?

मेलरूमचे कर्मचारी. वकिलाचं टपाल सोडून बाकी काहीही उघडून वाचता येतं. अडवायला मात्र कारण लागतं. कॅलिफोर्नियातले तुरुंग 'तक्रारी फुगवून सांगणारी' पत्रंही रोखायचे, ते नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये रद्द केले. पुढे १९८७ आणि १९८९ च्या निकालांनी तुरुंगांना, विशेषतः बाहेरून आत येणाऱ्या टपालाबाबत, बराच हात मोकळा दिला. पत्र नाकारलं तर बहुतेक वेळा कारणाची चिठ्ठी येते.

यातून एक पथ्य निघतं. त्याचं अपील चालू असेल तर खटल्याबद्दल पत्रात काही लिहू नका, विचारू नका. सरकारी वकील ते न्यायालयात वापरू शकतो. इतर कैद्यांबद्दल आणि गार्डांबद्दलही नको, त्रास त्यालाच होतो.

१३. दोन महिने झाले, उत्तर नाही. काय समजायचं?

लगेच काही समजू नका. पुण्याहून पत्र जायला मला दोन ते चार आठवडे लागलेले आहेत, मेलरूममध्ये आणखी दिवस जातात, आणि येताना तेच उलट. त्यात लॉकडाउन. करोनाने आपल्याला शिकवला तो शब्द, तिथे नेहमीचा आहे: मारामारी झाली, झडती आली, कर्मचारी कमी पडले, की सगळ्यांना कोठडीत बंद करतात आणि टपालही रखडतं.

पैशाचं कारणही असतं, आणि ते कैदी सांगत नाही. अमेरिकेतून भारतात साध्या पत्राचं तिकीट दीड डॉलरच्या वर गेलंय. केंद्राच्या तुरुंगात साध्या कामाला तासाला १२ ते ४० सेंट मिळतात. म्हणजे तुमच्या एका उत्तरासाठी त्याला किमान चार तास, कमी मजुरीचं काम असेल तर बारा तासांहून जास्त राबावं लागतं. टेक्सास आणि जॉर्जियात तर बहुतेक कामांना पगारच नाही. मी हा हिशेब तीन वर्षं केलाच नव्हता. आता दोन पत्रांना मिळून एक उत्तर आलं तरी चालेल, असं पहिल्याच पत्रात लिहून टाकते.

१४. ईमेल नाही का करता येत?

बऱ्याच ठिकाणी येतो, पण आपल्या ईमेलसारखा नाही. केंद्राच्या तुरुंगांत 'कॉरलिंक्स' आहे. तिथे कैदी तुमचा ईमेल पत्ता यादीत घालतो, तुम्हाला एक संकेतांक येतो, मग सुरू. म्हणजे पहिलं पत्र कागदी हवंच. बाहेरच्याला खर्च नाही, कैद्याला मिनिटावर पैसे पडतात. राज्यांत 'जेपे'सारख्या खासगी सेवा आहेत. त्यांत संदेशामागे 'तिकिटं' विकत घ्यायची, फोटो जोडला की आणखी एक. हेही सगळं वाचलं जातं. वेगवान आहे, पण चार ओळींच्या संदेशांची सवय लागली की पत्रं आटतात, असा माझा अनुभव.

१५. त्याने पैसे मागितले तर? पुस्तकं पाठवू का?

पैशाबद्दल पहिल्या पत्रातच लिहा: मी पैसे पाठवणार नाही. एका वाक्यात, कडवटपणा न आणता. मग मागितलेच तर पुन्हा तेच वाक्य. साबण, कॉफी, तिकिटं यांना खरोखर पैसे लागतात, म्हणून मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो. पण तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर पाठव, बहिणीचं ऑपरेशन आहे, वकिलाची फी आजच भरायची आहे, असं काही आलं की थांबा. चोरून आत नेलेल्या मोबाइलवरून बाहेरच्यांना फसवण्याचे उद्योगही चालतात. साउथ कॅरोलिनातल्या कैद्यांनी मुलींच्या नावाने सैनिकांना जाळ्यात ओढून पैसे उकळले, त्याचे खटले २०१८ मध्ये उभे राहिले. पत्रमित्राने अचानक फोन नंबर दिला, तर तो अधिकृत नाही असंच धरा.

पुस्तकं पाठवता येतात, घरून नाही. नवी, कागदी बांधणीची, थेट प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडून जाणारी. जाड पुठ्ठ्याची बहुतेक ठिकाणी परत येतात. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडूनच यावीत हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच मान्य केला आहे, वाद घालत बसू नका.

१६. आणि प्रेमात पडले तर?

पडतात लोक. लग्नंही होतात. कैद्याला लग्न करण्याचा हक्क आहे हे १९८७ च्याच एका निकालाने मान्य केलं. मी नीती सांगणार नाही. एवढंच सांगते की पत्रात दोन्ही बाजू आपला सर्वांत चांगला तास दाखवतात, आणि त्याच्याकडे तो तास निवडायला दिवसभर असतो. तुमचा तसा इरादा नसेल तर तेही सुरुवातीलाच लिहा. 'माझं लग्न झालंय' ही आड घ्यायची गोष्ट नव्हे, ती ओलांडायची सवय असलेले असतात. 'मला मैत्रीच हवी आहे' असं सरळ लिहा.

१७. ज्यांचा जीव गेला त्यांच्या घरच्यांचं काय? तुम्हाला त्यांचा विचार येत नाही?

येतो. हा प्रश्न मला माझ्या आईने विचारला होता आणि तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही पूर्ण नाही. शिक्षा न्यायालयाने दिली आहे, ती माझ्या पत्राने एक दिवसाने कमी होत नाही. त्यापुढे मी काही म्हणत नाही. एक नियम मात्र पाळते: त्या कुटुंबाचा शोध घ्यायचा नाही, त्यांच्याशी संपर्क करायचा नाही, आणि मित्राने निरोप पोचवायला सांगितला तर नाही म्हणायचं. तशी इच्छा असेल तर काही राज्यांच्या तुरुंग खात्यांत त्यासाठी वेगळी सोय आहे.

१८. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी एक पत्र लिहू दे का?

नाही. १८ वर्षांखालच्यांनी नाही, आणि प्रकल्पासाठी कोणीच नाही.

१९. मी एच-वन-बीवर आहे. ग्रीन कार्डाला अडचण येईल का?

पत्र लिहिणं हा गुन्हा नाही. ग्रीन कार्डाच्या अर्जात अटकांबद्दल आणि गुन्ह्यांबद्दल विचारतात ते तुमच्या स्वतःच्या. पत्रमैत्रीपलीकडे गेलात, म्हणजे पैसे फिरवले, त्याच्या वतीने कोणाला निरोप दिले, सामान पोचवलं, तर गोष्ट बदलते. सरकारी गुप्ततेची परवानगी लागणारी नोकरी असेल तर तिथे आधी विचारा. तुरुंगात शिकवायला स्वयंसेवक म्हणून जात असाल तर कैद्याशी खासगी पत्रव्यवहार सहसा चालत नाही. दोन्हींतलं एक निवडा.

२०. भेटायला जाता येतं का?

येतं, पण कैद्याने तुमचं नाव यादीत घालावं लागतं, अर्ज भरावा लागतो आणि मंजुरीला आठवडे लागतात. मंजुरी हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. कपड्यांचे नियम वाचा: कॅलिफोर्नियात कैद्यांचे कपडे निळे, म्हणून निळी जीन्स घातलेल्याला दारातून परत पाठवतात. मी नऊ वर्षांत एकदाच गेले. काचेपलीकडे तो, हातात फोनचा रिसीव्हर, आणि पहिली दहा मिनिटं दोघंही गप्प. पत्रात इतकं बोललेलो, पण आवाज ओळखीचा नव्हता.

२१. फ्लोरिडातल्या कैद्याची जाहिरातच सापडत नाही. असं का?

तिथे कैद्याने पत्रमित्रासाठी जाहिरात देण्यावर बंदी आहे आणि २०११ मध्ये केंद्राच्या अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. पत्रव्यवहाराला बंदी नाही, जाहिरातीला आहे. तुम्हाला नाव दुसरीकडून माहीत असेल तर लिहू शकता. याच्याच जवळची दुसरी अडचण: तुमच्या दोन पत्रमित्रांची एकमेकांशी ओळख करून द्यायचा मोह होतो. एका कैद्याने दुसऱ्याला लिहिणं तुरुंग रोखू शकतो. तुमच्या पत्रातून निरोप पोचवलात तर तेही त्यातच मोडतं आणि तुमचं नाव बंद यादीत जातं.

२२. येरवड्याला किंवा नाशिक रोडला असं लिहिता येईल का?

अनोळखी पत्रमित्राची अशी घडी आपल्याकडे बसलेली नाही. पत्रं येतात-जातात, पण ती घरच्यांची, मित्रांची, वकिलांची, आणि तुरुंग प्रशासनाच्या नजरेखालून. जाहिराती नाहीत, जोडून देणारी व्यवस्था नाही. दुसरं असं, की आपले तुरुंग कच्च्या कैद्यांनी भरले आहेत. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला संपलेलाच नव्हता, म्हणजे दर चारांत तीन. प्रश्न १२ मधलं पथ्य या सगळ्यांना लागू होतं. आणि त्यांना बहुधा आधी हवा असतो तो वकील, जामीनदार, घरी कळवणारं कोणीतरी.

त्यामुळे इथे काही करायचं असेल तर मी पत्राचा कागद बाजूला ठेवायला सांगते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रात कैद्यांबरोबर काम करतो. अशा ठिकाणी वेळ द्या. ओळखीचा माणूस आत असेल तर गोष्ट निराळी, त्याला जरूर लिहा. पाकिटावर नाव, बंदी क्रमांक आणि अधीक्षकांच्या मार्फत.

२३. मृत्युदंडाच्या कैद्याला लिहायचं म्हटलं तर काय तयारी लागते?

अमेरिकेत असे दोन हजारांहून थोडे जास्त कैदी आहेत. टेक्सासमधले पुरुष लिव्हिंग्स्टनच्या पोलन्स्की युनिटमध्ये असतात, दिवसाचे २२ तास किंवा जास्त एकट्याच्या कोठडीत. तिथे वीस-वीस वर्षं काढलेली माणसं आहेत. पत्र तिथे फार मोठी गोष्ट असते, म्हणूनच प्रश्न ११ मधली अट तिथे दुप्पट.

टेक्सासमध्ये न्यायालयाचा आदेश आणि शिक्षेची तारीख यांत किमान ९१ दिवस ठेवावे लागतात. पुण्याहून पत्र तीन आठवड्यांत पोचतं आणि उत्तर यायला तेवढेच लागतात, असं धरलं तर त्या मुदतीत दोन फेऱ्या होतात. बस. माझ्या मित्राची तारीख एकदा लागली होती. मी काय लिहावं ते सुचेना, म्हणून नेहमीचंच लिहिलं: मंडईत हापूस आलाय, महाग आहे, अजून एकही पेटी घेतली नाही. त्याचं उत्तर आलं त्यात तारखेबद्दल दोन ओळी आणि आंब्याबद्दल दोन पानं. पेटीत गवत का घालतात, कच्चा आणि पिकलेला वासावरून कसा कळतो. तेरा दिवस आधी न्यायालयाने स्थगिती दिली. मला ते संकेतस्थळावर वाचून कळलं, त्याचं पत्र नंतर आलं.

हे दुसऱ्यांदा होईल तेव्हा स्थगिती मिळेलच असं नाही. घरात कोणाला तरी सांगून ठेवा की तुम्ही असं लिहिता. ज्या दिवशी रडू येईल त्या दिवशी कारण पहिल्यापासून समजावत बसायला लागू नये.

२४. तो सुटला. आता?

बहुतेक पत्रमैत्र्या इथे विरतात आणि त्यात वाईट काही नाही. बाहेर आलेल्या माणसाला घर, नोकरी, पॅरोल अधिकारी आणि मोबाइल फोन, सगळं एकदम शिकायचं असतं. घरी राहायला बोलावू नका. पॅरोलवर, म्हणजे मुदतीआधी देखरेखीखाली सुटलेला, असेल तर राज्याबाहेर जायलाही त्याला परवानगी लागते. माझ्या तिसऱ्या पत्रमित्राच्या आधी मी एका बाईला लिहायचे. ती सुटली, तिने एकच कार्ड पाठवलं: स्वतःच्या दाराला स्वतः कुलूप लावते, त्याचा आवाज आवडतो. नंतर काही नाही.

२५. मला आता थांबवायचं आहे. कसं सांगू?

शेवटचं पत्र लिहून. नुसतं गप्प होऊ नका. कारण खरं द्या किंवा देऊ नका, खोटं देऊ नका. 'हे माझं शेवटचं पत्र आहे' हे वाक्य पहिल्या परिच्छेदात हवं, खाली दडवलेलं नको. त्याच्याकडचे तुमचे फोटो परत मागू नका, ते येणार नाहीत. आणि त्याने धमकावलं असेल किंवा नको सांगूनही पत्रं येत राहिली, तर त्याला काहीच न लिहिता तुरुंगाच्या वॉर्डनला, म्हणजे प्रमुखाला, लेखी कळवा, कैद्याचं नाव आणि क्रमांक घालून. तुमच्या पत्त्यावरचं त्याचं टपाल ते बंद करतात.